अपडेटनंतर कन्सोल सुरू होत नाही: बिघाड कुठला, आणि खर्च कोणाचा?

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "अपडेट टाकलं आणि पीएस मेला." (पीएस म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल.) जून लागला, इंदूरवर वळवाचे ढग जमू लागले आणि लाईटची ये-जा वाढली की हे वाक्य जास्तच कानावर पडतं. मुलगा म्हणतो, कंपनीने बिघडवलं. वडील म्हणतात, रात्र रात्र चालू ठेवतोस, दुसरं काय होणार. हेल्पलाइनवरून उत्तर मिळतं की वॉरंटी संपली आहे. ज्याच्याकडून घेतला तो दुकानदार म्हणतो, "भिया, माल तो अच्छा दिया था." चौघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं, हीच यातली पंचाईत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीने पाठवलेल्या अपडेटने यंत्र बिघडलं असेल तर दुरुस्तीचा खर्च कंपनीने द्यावा, वॉरंटी असो वा नसो. पण दुरुस्तीच्या टेबलावर येणारे बरेचसे कन्सोल अपडेटमुळे बिघडलेले नसतात, अपडेटच्या वेळी बिघडलेले असतात. आधीच मरायला टेकलेली हार्ड डिस्क, कोणीतरी बदललेली ड्राइव्ह (गेमची डिस्क वाचणारा भाग), मध्येच गेलेली लाईट. हे वेगळं काढता आलं नाही तर कंपनीकडे पैसे मागायला तोंड उरत नाही, आणि ते वेगळं काढण्याचा पुरावा आपण पहिल्या तासात स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. म्हणून खाली दुरुस्तीची पावलं ज्या क्रमाने दिली आहेत, त्यात पैशांचाही विचार आहे.

आधी फोटो, मग बटण

पडद्यावर जे दिसतंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. एरर कोड पूर्ण आला पाहिजे. दिवा लुकलुकत असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. कुठली आवृत्ती टाकत होतात, किती वाजता, लाईट गेली होती का, हे एका कागदावर लिहा. बिल शोधून त्याचाही फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडून जातात.

मग त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल. फोनवर बोललात तरी ईमेल हवाच. पुढे स्थानिक कारागिराकडेच न्यायचं असं ठरलं असलं तरी हा ईमेल जाऊ द्या. त्याला पैसा लागत नाही आणि तारीख पक्की होते.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, कन्सोल उघडू नका. दोन, यूट्यूबवर कोणी सांगितलं म्हणून थेट शेवटचा पर्याय, म्हणजे सगळं पुसून नव्याने बसवण्याचा, दाबू नका. तो पर्याय कधी कधी लागतोच, पण त्याने सेव्ह केलेले गेम जातात आणि काय बिघडलं होतं त्याची खूणही जाते.

सेफ मोड

सेफ मोड म्हणजे बिघडलेला कन्सोल दुरुस्तीपुरता सुरू करण्याचा पडदा. पीएस४ असेल तर कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच वाजते, दुसरी साधारण सात सेकंदांनी. दुसरी वाजली की सोडा. पीएस५लाही हीच रीत. मग कंट्रोलर यूएसबी केबलने जोडायचा, आणि अर्धे लोक इथेच अडकतात. पॉवर बँकेबरोबर आलेली केबल बऱ्याचदा फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून डेटा जात नाही; पडदा "कंट्रोलर जोडा" म्हणत राहतो आणि माणूस समजतो कन्सोल गेला. केबल बदलून बघण्याआधी कुठलाही निष्कर्ष काढू नका.

सेफ मोड दिसला म्हणजे मदरबोर्ड, आतला मुख्य बोर्ड, जिवंत आहे. अर्धी काळजी मिटली. आता क्रमाने चला: आधी नुसतं रीस्टार्ट, मग पाचवा पर्याय, डेटाबेस पुन्हा बांधण्याचा. त्याने गेम पुसले जात नाहीत, फक्त वेळ लागतो. त्यानेही भागलं नाही तर तिसरा, यूएसबीवरून अपडेट.

त्यासाठी साधा ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यात एक फोल्डर, नाव पीएस४ (किंवा पीएस५). त्याच्या आत दुसरा, नाव अपडेट. दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. फाइल फक्त कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्यायची. एकच फाइल दोनदा उतरवली की संगणक तिच्या नावापुढे कंसात एकचा आकडा जोडतो आणि मग कन्सोलला ती सापडत नाही. "फाइल नाही म्हणतोय" या तक्रारीत तो कंसातला एक बऱ्याचदा निघतो. तो खोडायचा, बस.

अपडेटची फाइल आणि पुन्हा बसवण्याची फाइल वेगळ्या असतात. पीएस४ची पुन्हा बसवण्याची फाइल आकाराने साधारण दुप्पट, एक जीबीच्या आसपास असते. तिसऱ्या पर्यायाला पहिली; सातव्याला, म्हणजे सगळं पुसून नव्याने बसवण्याच्या पर्यायाला, दुसरी. "अमुक किंवा नंतरच्या आवृत्तीची, पुन्हा बसवण्याची फाइल जोडा" असा संदेश आला तर समजा डिस्कवरची प्रणालीच वाचता येत नाहीये. तिथून गोष्ट डिस्ककडे वळते.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं थोडक्यात: पेअर आणि इजेक्ट ही दोन्ही बटणं धरून पॉवर दाबायचं, दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचं, दोन वेळा आवाज येतो. ज्या मॉडेलला गेमच्या डिस्कची खाचच नाही त्यावर फक्त पेअर. पेनड्राइव्ह मात्र एनटीएफएसमध्ये हवा, पीएसवाला चालणार नाही. निन्टेन्डोच्या स्विचवर आवाजाची दोन्ही बटणं धरून पॉवर दाबलं की देखभालीचा पडदा येतो, आणि त्यात सेव्ह न पुसता पूर्ववत करण्याचा वेगळा पर्याय असतो. तोच आधी वापरायचा.

डिस्क: पहिला संशयित

पीएस४मध्ये अडीच इंची, फिरणारी हार्ड डिस्क असते. पाच-सात वर्षं चाललेली, टीव्हीच्या कपाटात कोंडलेली, इंदूरच्या मे महिन्याची गरमी खाल्लेली. रोजच्या खेळात ती ठराविक भागच वाचते, म्हणून तिचे मेलेले सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, लपून राहतात. अपडेटच्या वेळी एकदम मोठं लिखाण होतं, वाचून पडताळणी होते, आणि डिस्क तिथे बसते. दोष अपडेटचा वाटतो. चोर सोडून संन्याशाला सुळी.

तपासायची कशी? पीएस४ची डिस्क वापरणाऱ्याने स्वतः बदलावी अशी सोय कंपनीनेच ठेवली आहे, तिच्या पुस्तिकेत कृती दिलेली असते, त्यामुळे डिस्क काढणं म्हणजे कन्सोल उघडणं नव्हे. ती संगणकाला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये आरोग्य बघा. दोन ओळी महत्त्वाच्या: बदली दिलेले सेक्टर आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. दुसरा आकडा शून्याहून जास्त असेल तर डिस्क दोषी धरायला हरकत नाही. विंडोज विचारेल, "फॉरमॅट करू का?" नाही म्हणायचं. पीएसचा डेटा कूटबद्ध असतो, संगणकाला तो कचराच दिसणार. या पडद्याचाही फोटो ठेवा, मग निकाल कुठल्याही बाजूने लागो.

डिस्क गेली असेल तर खर्च आपला. नवी बसवा, शक्यतो एसएसडी (न फिरणारी, चिपवरची), आणि सातव्या पर्यायाने प्रणाली टाका. यात कंपनीला ओढण्यात अर्थ नाही.

पीएस५ची गोष्ट इथे वेगळी होते. त्याची साठवण बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली आहे. जास्तीची एसएसडी लावता येते, पण मूळची काढून बदलता येत नाही. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ला आला, ड्राइव्हवाला ४९,९९० रुपयांना. म्हणजे पहिल्या खेपेच्या सगळ्या कन्सोलांची एक वर्षाची वॉरंटी केव्हाच संपली. जो भाग मला बदलायची मुभाच दिली नाही तो अपडेटच्या मध्यात गेला, तर "तुमचं तुम्ही बघा" हे उत्तर मला पटत नाही. पीएस४च्या डिस्कला लावलेला न्याय इथे चालत नाही.

ड्राइव्ह: दुसऱ्याच्या करणीचं भोगणं

हा प्रकार जुन्या बाजारातून घेतलेल्या कन्सोलांत येतो, आणि जेल रोडच्या परिसरात जुना-नवा माल किती फिरतो हे इंदूरकराला सांगायला नको. पीएस४ची ब्लू-रे ड्राइव्ह तिच्यावरच्या छोट्या बोर्डासकट मदरबोर्डाशी जोडी लावलेली असते. ड्राइव्ह बिघडली म्हणून कोणी दुसऱ्या कन्सोलची तशीच आणून बसवली, की ती जोडी तुटते. डिजिटल, म्हणजे नेटवरून उतरवलेले, गेम खेळणाऱ्याला महिनोन् महिने काही कळत नाही. मग अपडेट येतं, ते ड्राइव्हचीही चौकशी करतं, उत्तर मिळत नाही, आणि अपडेट अर्ध्यावर थांबून पुन्हा पुन्हा तोच कोड दाखवतं. एक्सबॉक्स वनवर ई-१०० दिसलं की कारागीर आधी ड्राइव्हकडेच बघतात, त्याचं कारण हेच.

या वेळी पैसे ज्याने ड्राइव्ह बदलली त्याच्याकडे मागायचे, किंवा ज्याने न सांगता विकला त्याच्याकडे. चांगला कारागीर मूळ बोर्ड जपून फक्त यांत्रिक भाग बदलतो. मूळ बोर्ड फेकून दिला असेल तर पुढची दुरुस्ती कठीण, कधी कधी परवडत नाही.

जेलब्रेक केलेल्यांबद्दल एकच वाक्य: फुकट गेमसाठी प्रणालीत हात घातला असेल तर अपडेटनंतर जे होईल ते ज्याने हात घातला त्याचं. निन्टेन्डोने तर मे २०२५च्या करारात, फेरफार केलेलं यंत्र कायमचं निकामी करण्याचा हक्कच लिहून घेतला आहे. हक्काची ही भाषा मला जादा वाटते, पण फेरफार करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

लाईट गेली असेल तर

वीज कंपनीकडून कन्सोलचे पैसे मिळतील ही आशा सोडा. वेळ जाईल.

पण लाईट गेली म्हणजे दोष ग्राहकाचा, हेही मी मान्य करत नाही. अँड्रॉइडमध्ये २०१६च्या ७.० आवृत्तीपासून अशी सोय आहे की प्रणालीच्या दोन जागा ठेवता येतात. नवी प्रत दुसऱ्या जागेत उतरते, पूर्ण झाली की फोन तिच्यावर उडी मारतो, नाही झाली तर जुनीवरच उठतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही युक्ती चांगली माहीत आहे. पन्नास हजारांचं यंत्र भारतात विकायचं असेल तर अपडेटच्या मध्यात लाईट जाणार हे गृहीत धरूनच ते बनवलं पाहिजे. "अपडेट चालू असताना वीज बंद करू नका" ही सूचना पडद्यावर लिहिल्याने वादळ थांबत नाही.

प्रत्यक्षात लाईट गेल्यामुळे अडकलेले बरेच पीएस सेफ मोडमधून यूएसबीवर परत येतात. न आले तर ईमेलमध्ये लाईट गेल्याची वेळ प्रामाणिकपणे लिहा. लपवून फायदा नाही. कंपनीने "वीज गेली असेल" म्हटलं की तुम्ही विचारा, वीज गेल्यावर जुनी प्रत का शिल्लक राहिली नाही?

खरोखर अपडेटच दोषी असेल तर

याची खूण तुमच्या कन्सोलमध्ये नसते, बाहेर असते. त्याच आवृत्तीने, त्याच दोन-चार दिवसांत इतरांचेही बंद पडलेत का? कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली का? लगेच पुढचा आकडा आला का? जुलै २००८मध्ये पीएस३ची २.४० आवृत्ती आली. काहींचे कन्सोल सुरूच होईनात, सोनीने ती मागे घेतली आणि थोड्याच दिवसांत २.४१ दिली. जून २०१३मध्ये ४.४५ची तीच कथा. ती मागे घेतली गेली आणि मग ४.४६ आली. मार्च २०१८मध्ये स्विचच्या ५.० आवृत्तीनंतर दुसऱ्या कंपन्यांच्या डॉकवर (टीव्हीला जोडायच्या स्टँडवर) ठेवलेले काही कन्सोल निकामी झाले.

अशा वेळी सगळ्यात उपयोगी दुरुस्ती म्हणजे थांबणं. १ मार्च २०१० रोजी जगभरातले जुने, जाड पीएस३ एकदम बिनसले. अपडेटही नव्हतं. आतल्या घड्याळाला २०१० हे लीप वर्ष वाटलं होतं. कोड होता ८००१०५०एफ. दुसऱ्या दिवशी तारीख सरळ झाली आणि कन्सोल आपोआप सुरळीत झाले. त्या दिवशी ज्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला त्यांचं नुकसान स्वतःचं स्वतःच झालं. म्हणून, खूप जणांचं एकदम बिघडलं असेल तर कन्सोल चार दिवस बाजूला ठेवा, उघडू नका, पुसू नका, आणि कंपनीच्या साइटवरच्या आवृत्तीच्या आकड्याकडे लक्ष ठेवा.

कंपनीची उत्तरं आणि त्यावर आपली

पहिलं उत्तर ठरलेलं: वॉरंटी संपली. वॉरंटी असते विकलेल्या वस्तूतल्या दोषासाठी. अपडेट ही विक्रीनंतर, अनेक वर्षांनी, कंपनीने स्वतः केलेली नवी कृती आहे. आणि कंपन्या मनात आणलं तर वॉरंटी ओलांडून पैसे देतात. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७मध्ये एक्सबॉक्स ३६०च्या तीन लाल दिव्यांसाठी वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तो बिघाड सॉफ्टवेअरचा नव्हता, पण वॉरंटीचा आकडा दगडावरची रेघ नाही हे त्याने दाखवलं. जून २०२०मध्ये सॅमसंगचे ब्लू-रे प्लेअर इंटरनेटवरून आलेल्या एका सदोष फाइलमुळे पुन्हा पुन्हा सुरू-बंद होऊ लागले. कंपनीने ते मागवून फुकट दुरुस्त करून दिले. आपल्याकडचं उदाहरण फोनचं आहे. अपडेटनंतर पडद्यावर हिरवी रेघ येण्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा वनप्लसने भारतात वॉरंटीबाहेरच्या फोनचेही पडदे फुकट बदलून दिले. ईमेलमध्ये ही उदाहरणं घाला. समोरचा माणूस ती वाचून वरच्याकडे पाठवतो एवढा तरी उपयोग होतो.

दुसरं उत्तर: अपडेट ऐच्छिक होतं, तुम्ही "मान्य" दाबलं. हे अर्धसत्य आहे. अपडेट न टाकल्यास ऑनलाइन खेळ बंद, कंपनीचं ऑनलाइन दुकान बंद, नवे गेम चालत नाहीत. एप्रिल २०१०मध्ये सोनीने पीएस३वरून लिनक्स चालवण्याची सोय ३.२१ आवृत्तीने काढून टाकली. लिनक्स ठेवायचं तर अपडेट टाळा, ऑनलाइन खेळायचं तर टाका. दोन्हींचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले होते. अमेरिकेत यावर सामूहिक दावा झाला आणि तो रखडत रखडत २०१८मध्ये साडेसदतीस लाख डॉलरच्या तडजोडीवर आला. शिवाय परतीचा रस्ता बंद असतो. एक्सबॉक्स ३६० आणि स्विच यांच्या चिपमध्ये तर अपडेटबरोबर सूक्ष्म फ्यूज जाळले जातात, म्हणजे जुनी आवृत्ती परत टाकताच येऊ नये. सुरक्षेसाठी ते असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याने मागचं दार खिळे ठोकून बंद केलं, पुढच्या दाराची जबाबदारी त्याचीच.

तिसरं उत्तर: तुमचा कन्सोल बाहेर उघडला होता. ऑस्ट्रेलियात याचा निकाल लागलेला आहे. बाहेर दुरुस्त केलेले आयफोन अपडेटनंतर "एरर ५३" दाखवून बंद पडले आणि ॲपलने हात वर केले; २०१८मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डोसह सहा कंपन्यांना वॉरंटीच्या सीलबद्दल ताकीद दिली. हे कायदे आपल्याला लागू नाहीत, पण त्यांतला विचार उघड आहे: बाहेरच्या दुरुस्तीमुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवावं, सील फाटलंय एवढं पुरेसं नाही. आपल्याकडे केंद्राचं दुरुस्ती-हक्क पोर्टल डिसेंबर २०२२पासून आहे, पण त्यावर माहिती मिळते, भरपाई नाही.

इंदूरमध्ये बसून तक्रार

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्यात उत्पादनाच्या जबाबदारीवर आख्खं प्रकरण आहे आणि ते वाचून लोक खूश होतात. पण कलम २(२२) बघा. तिथे हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलं आहे. कन्सोल पेटून टीव्ही जळला तर टीव्हीची हानी त्यात येईल, नुसता कन्सोल मेला तर नाही. म्हणून तक्रार त्या प्रकरणाखाली टाकू नका. ती मालातील दोष आणि सेवेतील उणीव म्हणून मांडा.

इथे कंपनीचा वकील चौथं उत्तर काढेल: अपडेट फुकट आहे, आणि फुकट दिलेली सेवा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. व्याख्येत तसं आहे खरं. याला उत्तर असं की अपडेटची किंमत कन्सोलच्या किमतीत आधीच घेतलेली आहे, कारण अपडेटशिवाय तो जाहिरातीतलं कामच करत नाही. सशुल्क ऑनलाइन सदस्यत्व असेल तर त्याची पावती जोडा, मुद्दा आणखी पक्का होतो. ब्रिटनमध्ये हा वाद घालावा लागत नाही. तिथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम ४६ सांगतं की विक्रेत्याने पुरेशी काळजी न घेता पुरवलेल्या डिजिटल मालाने ग्राहकाचं यंत्र बिघडलं तर दुरुस्ती किंवा भरपाई द्यावी लागेल, तो डिजिटल माल फुकट असला तरी. आपल्या कायद्यात असं एक कलम असतं तर हे निम्मं लिखाण वाचलं असतं.

करारातली अट अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, भोपाळला राज्य आयोगात जावं लागतं. एका कन्सोलसाठी ते परवडत नाही. जिल्हा आयोगातच राहा. तुम्ही इंदूरला राहता म्हणून इंदूरलाच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. माझ्या वाचनाप्रमाणे ती अपडेटने कन्सोल बिघडला त्या दिवसापासून मोजायची. वकिलाची सक्ती नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ कंपन्या तिथल्या तक्रारीला ग्राहक सेवेपेक्षा लवकर उत्तर देतात. कन्सोल उघडू नका असं सुरुवातीला म्हटलं, त्याचं कायदेशीर कारणही इथे आहे: दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. उघडलेल्या यंत्राच्या अहवालाला मग कंपनी नाकं मुरडते.

ईमेलचा मजकूर लांबवू नका. मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीची तारीख. अमुक दिवशी अमुक आवृत्ती टाकली. त्याआधी कन्सोल नीट चालू होता. आता हा कोड येतो. सेफ मोडमध्ये हे हे करून पाहिलं. डिस्कचा अहवाल सोबत आहे. शेवटी मागणी एकच: पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्ती किंवा बदली, नाहीतर आयोगात येतो. "मानसिक त्रासाचे पाच लाख" वगैरे लिहिलं की समोरचा गंभीरपणे घेत नाही.

स्विचवाल्यांनी वेगळा विचार करावा. निन्टेन्डो भारतात तो अधिकृतपणे विकत नाही, सगळा माल बाहेरून आलेला. कंपनीच्या भारतातल्या पत्त्यावर नोटीस पाठवू म्हणाल तर पत्ताच नाही. तुमचा करार विकणाऱ्याशी, म्हणून पक्कं बिल नसेल तर स्विच घेऊ नका. चिठ्ठीवर लिहिलेल्या आकड्याला आयोगात कोणी विचारत नाही.

जुना घेताना

दिवाळीच्या आधी जुन्या पीएस४ची खरेदी वाढते, म्हणून एवढं सांगतो. विकणारा गेम लावून दाखवतो, ग्राहक खूश होऊन पैसे देतो. गेम चालणं ही परीक्षाच नाही. पैसे देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आवृत्ती बघा. खूप जुनी असेल तर विचारा, का? गेमची एक डिस्क घालून चालवून बघा, म्हणजे ड्राइव्हची जोडी शाबूत आहे ते कळेल. मग मोबाईलचा हॉटस्पॉट द्या आणि अपडेट तिथेच, त्याच्याच दुकानात, त्याच्याच लाईटवर टाकायला लावा. अर्धा-पाऊण तास लागेल. "घरी जाऊन टाका ना, इथे नेट स्लो आहे" असं तो म्हणाला, तर कन्सोल त्याच्या काउंटरवर ठेवून पुढच्या दुकानात जा.